पाकिटातलं नेमकं काय बाधतंय, ते कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षांच्या मुलाला पाकिटबंद खाणं खाल्लं की कधी अंगावर पित्त उठतं, कधी रात्री खोकल्याची उबळ येते. तुमचं स्वतःचं अशा खाण्यानंतर डोकं दुखतं. एका रक्ततपासणीत पन्नासेक पदार्थांपुढे लाल खुणा आल्या, म्हणून आठ महिन्यांपासून घरात पाकीट येणंच बंद आहे. शिवाय दूध, गहू, अंडी आणि टोमॅटोही बंद. तरी पित्त अधूनमधून उठतंच, आणि मुलाचं वजन वाढायचं थांबलंय. आता आणखी काय बंद करू, असं तुम्ही विचारलंय.

आणखी काहीच बंद करू नका. मी वीसहून जास्त वर्षं ॲलर्जीचे रुग्ण तपासतेय, आणि अशा घरांमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच: ताटातून एकेक पदार्थ जात राहतो, आणि ज्याच्यामुळे त्रास होतो तो मात्र सापडतच नाही. नऊ वर्षांच्या मुलाचं आठ महिने वजन न वाढणं हे कधीतरी उठणाऱ्या पित्तापेक्षा गंभीर आहे. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांकडून त्याची उंची आणि वजन या आठवड्यातच तपासून घ्या.

त्या रक्ततपासणीबद्दलही आधीच सांगते. असे पन्नास-शंभर पदार्थांचे अहवाल बहुतेक वेळा आयजीजी किंवा आयजीजी-फोर या प्रतिपिंडांचे, म्हणजे रोगप्रतिकारयंत्रणा रक्तात तयार करते त्या प्रथिनांचे (अँटिबॉडीजचे), असतात. आपण जे नेहमी खातो, त्याच्याविरुद्ध हे प्रतिपिंड निरोगी माणसाच्याही रक्तात असतात. ‘हे अन्न माझ्या ओळखीचं आहे’ इतकाच त्यांचा अर्थ. युरोपमधल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अन्नाच्या त्रासाचं निदान करायला ही तपासणी वापरू नये. तुमच्या मुलाच्या यादीत दूध, गहू आणि अंडी वर आली, कारण तो ती रोज खात होता. तुम्ही पैसे आणि विश्वास दोन्ही त्यात घातलेत, त्यामुळे हे ऐकून वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. पण अहवालावर आयजीजी असं लिहिलेलं असेल, तर ती यादी बाजूला ठेवा. एक काळजी मात्र घ्या. दूध, अंडी किंवा गहू खाल्ल्यावर लगेच ओठ सुजणं, उलटी किंवा धाप असं आधी कधी झालं असेल, तर तो पदार्थ घरी परत सुरू करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. तसं कधीच झालं नसेल, तर हे पदार्थ एकेक करून परत आणायचे आहेत. ते कसं, ते पुढे सांगते.

त्याआधी ज्यात थांबायला वेळ नसतो ते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत ओठ, जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास घेताना घरघर होऊ लागली, अंगभर पित्त उठून सोबत उलट्या सुरू झाल्या, चक्कर आली किंवा मूल एकदम मलूल पडलं, तर ती तातडीची अवस्था आहे. तेव्हा कोणत्या पदार्थामुळे झालं, याचा विचार नंतर. लगेच दवाखाना गाठायचा. ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन जवळ असेल तर ते आधी द्यायचं, पित्ताच्या गोळीची वाट बघत बसायचं नाही. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण यावर अर्धवट वाचून लोक घाबरतात. ॲड्रिनॅलिनच्या बऱ्याच इंजेक्शनांमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट नावाचा संरक्षक, म्हणजे खराब होऊ नये म्हणून घातलेला सल्फाइट गटातला पदार्थ, असतो, आणि तो पाकिटबंद खाण्यातल्या मुख्य संशयितांपैकी एक आहे. तरीही, सल्फाइट बाधतं असं निदान झालेल्या माणसालाही जिवावर बेतलं असताना हे इंजेक्शन द्यायचंच असतं. त्यातलं सल्फाइटचं प्रमाण फार थोडं असतं, आणि इंजेक्शन न दिल्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो.

आता मूळ मुद्दा. आपल्या बोलण्यात दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत असं मला वाटतं: ‘ॲलर्जी आहे’ आणि ‘मानवत नाही’. ॲलर्जीत शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. तिथे कणभर पदार्थही पुरतो, आणि प्रत्येक वेळी त्रास होण्याची शक्यता असते. न मानवणं वेगळं. ते बहुधा मात्रेवर ठरतं. दोन बिस्किटांनी काही होत नाही, अख्ख्या पुड्याने होतं. किंवा एकाच दिवशी सरबत, सॉस आणि जेली असं तिन्ही खाल्लं तर होतं. ॲडिटिव्ह, म्हणजे पाकिटातल्या खाण्यात मुद्दाम घातलेले रंग, संरक्षक, घट्टपणा आणणारे किंवा चव वाढवणारे पदार्थ, यांचे बहुतेक त्रास या दुसऱ्या प्रकारचे असतात. म्हणूनच ते पकडायला अवघड जातात. ‘गेल्या आठवड्यात हेच खाल्लं होतं, तेव्हा काही झालं नाही’ असं म्हणून आपण खऱ्या संशयिताला सोडून देतो.

‘पित्त’ या शब्दानेही घोटाळा होतो. अंगावर उठणाऱ्या लाल, खाजऱ्या गांधींना आपण पित्त म्हणतो आणि छातीत जळजळ होते त्यालाही पित्तच म्हणतो. मग गांधी उठल्या की आम्लपित्ताचं औषध घेतलं जातं. गांधींचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही. त्वचेतल्या पेशींमधून हिस्टॅमिन सुटल्यामुळे त्या उठतात. आणि मुलांमध्ये हे हिस्टॅमिन सुटण्याचं एक अतिशय नेहमीचं कारण म्हणजे साधा विषाणूसंसर्ग. सर्दी-ताप येऊन गेल्यावर आठवडा-दोन आठवडे गांधी उठत राहू शकतात. त्या दिवसांत मुलाने जे काही खाल्लं असेल, त्याच्यावर आळ येतो. सहा आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज गांधी उठत असतील तर त्याला जुनाट शीतपित्त म्हणतात, आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये कारण अन्न नसतंच. तुमच्याकडे पाकिटं पूर्ण बंद असूनही पित्त उठतंय, हाच सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे. निदान त्या वेळचं पित्त तरी पाकिटामुळे नव्हतं.

लोकांना वाटतं तितके हे त्रास सर्रास आढळत नाहीत, हेही सांगायला हवं. १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. अठरा हजारांहून जास्त लोकांना विचारलं, तेव्हा ७.४ टक्के लोकांनी आपल्याला ॲडिटिव्ह बाधतात असं सांगितलं. त्यांच्यापैकी निवडक लोकांना पुढे नक्की काय घेतोय हे कळू न देता ॲडिटिव्ह देऊन पाहिले. त्यावरून खरं प्रमाण ०.०१ ते ०.२३ टक्के इतकंच असावं असा अंदाज निघाला. याचा अर्थ बाकीचे लोक खोटं बोलत होते असा मी कधीही घेणार नाही. त्यांना त्रास खरंच होत होता, पण कारण दुसरं होतं. पाकिटातल्या खाण्यात दुधाची पावडर, सोया, अंडं, गहू, शेंगदाणे, तीळ, मोहरी हेही असतं, आणि खरी ॲलर्जी बहुधा यांची असते. रंगावर संशय घेऊन दोन वर्षं घालवलेली आणि शेवटी दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी निघालेली मुलं मी पाहिली आहेत. ॲडिटिव्हच्या नावाआडही हे लपतं (प्रत्येक ॲडिटिव्हला एक ठरलेला क्रमांक असतो, तो घटकयादीत सापडतो): लेसिथिन, क्रमांक ३२२, सोयाचं किंवा अंड्याचं असू शकतं, लायसोझाइम, क्रमांक ११०५, सहसा अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेलं असतं.

तरीही काही ॲडिटिव्ह खरोखर बाधतात. त्यांच्याकडे एकेक करून बघू, कारण प्रत्येकाची खूण वेगळी आहे.

सगळ्यात आधी सल्फाइट, क्रमांक २२० ते २२८. तुमच्या मुलाच्या रात्रीच्या खोकल्यामुळे मी इथे जास्त थांबतेय. सुकवलेल्या फळांचा रंग टिकावा, फळांचे रस, बाटलीतला लिंबूरस आणि वाइन खराब होऊ नयेत, गोठवलेली कोळंबी काळी पडू नये यासाठी सल्फाइट वापरतात. सुकवलेला जर्दाळू चमकदार नारिंगी असेल तर त्याला गंधकाचा वायू दिलेला असतो; तपकिरी, काळपट जर्दाळूला सहसा दिलेला नसतो. दम्याच्या रुग्णांपैकी साधारण ३ ते १० टक्क्यांना सल्फाइटचा त्रास होतो असं मानलं जातं, आणि ज्यांचा दमा तीव्र किंवा आटोक्याबाहेर असतो त्यांच्यात ते प्रमाण जास्त असतं. कारण समजायला सोपं आहे. आंबट द्रवात सल्फाइटपासून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. घोट घेताना तो श्वासावाटे आत जातो आणि आधीच हळव्या असलेल्या श्वासनलिका आवळतात. म्हणून हा त्रास सहसा काही मिनिटांतच सुरू होतो: छाती भरून येणं, कोरडा खोकला, घरघर. अमेरिकेत उपाहारगृहांमधल्या सॅलडवर सल्फाइट फवारलं जाई. त्यातून दम्याच्या रुग्णांना तीव्र झटके आले, काही मृत्यूही झाले, आणि १९८६ मध्ये कच्च्या खायच्या फळभाज्यांवर ते वापरायला तिथे बंदी आली. आता अमेरिका आणि युरोपमध्ये किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर लेबलवर नोंद करावीच लागते. दमा नसलेल्या माणसाला सल्फाइटने असा दम लागणं फार दुर्मिळ आहे.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘कोणता संरक्षक?’ हा नाहीच. मुलाला दमा आहे का, हा आहे. रात्रीचा खोकला हे लहान मुलांमधल्या दम्याचं नेहमीचं लक्षण आहे. फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी नऊ वर्षांच्या मुलाला सहज जमते. दमा असेल आणि तो औषधाने नीट आटोक्यात आला, तर कित्येकदा ‘खाण्याचा खोकला’ आपोआप नाहीसा होतो. श्वासनलिका सुजलेल्या असतील तर थंड पेय, धूर, पळणं, हसणं, कशानेही खोकला येतो.

रंगांमध्ये दोन अगदी वेगळे गट आहेत, आणि बाजारातल्या समजापेक्षा चित्र उलटं आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे काही रंग खरी, तीव्र ॲलर्जी करू शकतात. कारमाइन, क्रमांक १२०, हा लाल रंग एका कीटकापासून काढतात आणि त्यात त्या कीटकाची प्रथिनं उरतात. त्यामुळे सर्वांगावर गांधी, धाप, अगदी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी सर्वांगाची ॲलर्जीसुद्धा झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेत २०११ पासून त्याचं नाव लेबलवर स्पष्ट लिहावं लागतं, ते याच कारणाने. ॲनाटो, क्रमांक १६० बी, हा बियांपासून काढलेला पिवळा-नारिंगी रंगही क्वचित असं करतो. याउलट टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०) यांसारखे कृत्रिम रंग काही थोड्या लोकांमध्ये गांधी वाढवतात, पण त्याचा संबंध मात्रेशी असतो. ॲस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांना टार्ट्राझिनही हमखास बाधतं, असं पूर्वी शिकवलं जायचं. नीट घेतलेल्या चाचण्यांमध्ये ते टिकलं नाही.

रंग आणि मुलांचा चंचलपणा हा प्रश्न आई-वडील मला सतत विचारतात. १९७० च्या दशकात बेन फाइनगोल्ड या अमेरिकी ॲलर्जीतज्ज्ञाने हा संबंध मांडला आणि त्यावर बराच वाद झाला. पुढे २००७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं घेऊन चाचणी केली. त्यांना रंगांची मिश्रणं आणि सोडियम बेंझोएट हा संरक्षक असलेलं पेय दिलं, तर काही मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला. सरासरी परिणाम लहान होता, आणि एका मुलापासून दुसऱ्यापर्यंत खूप बदलत होता. युरोपीय संघाने २०१० पासून १०२, १०४, ११०, १२२, १२४ आणि १२९ या सहा रंगांच्या वेष्टनांवर ‘मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्यावर विपरीत परिणाम होऊ शकतो’ अशी सूचना बंधनकारक केली. माझं मत असं की मूल चंचल असेल आणि त्याच्या खाण्यात भडक रंग रोज असतील, तर हे सहा रंग महिनाभर काढून पाहण्यात काहीच तोटा नाही. या रंगांना पोषणमूल्य शून्य आहे. पण त्यामुळे अभ्यासातल्या अडचणीसाठी तज्ज्ञांना दाखवायचं लांबवू नका.

बेंझोएट, २१० ते २१३, शीतपेयांत, सॉसमध्ये आणि पातळ औषधांतही असतं. जुनाट शीतपित्त असलेल्या थोड्या लोकांमध्ये ते गांधी वाढवतं. बेंझोएट, सॉर्बेट किंवा दालचिनीचा स्वाद तोंडाभोवतीच्या नाजूक त्वचेला लागला तर तिथेच लाली येते आणि तासाभरात ओसरते. लहान मुलांच्या बाबतीत हे पाहून आई-वडील फार घाबरतात, पण ती फक्त वरवरची जळजळ असते. लाली जिथे अन्न लागलं तेवढ्यातच राहिली आणि मूल मजेत असलं, तर चिंता नको.

मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे चव वाढवणारं अजिनोमोटो, क्रमांक ६२१, याच्याबद्दल मला थोडं न्यायाने बोलायचंय. १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात डॉ. रॉबर्ट हो मन क्वोक यांचं पत्र छापून आलं. उपाहारगृहात जेवल्यावर मान बधिर होते, धडधड होते, असं त्यांनी लिहिलं होतं. ग्लुटामेट ही त्यात मांडलेल्या शक्यतांपैकी फक्त एक होती, पण लोकांच्या लक्षात तीच राहिली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आपल्याला ग्लुटामेट बाधतं असं सांगणाऱ्या १३० लोकांना ५ ग्रॅमपर्यंत ग्लुटामेट अन्नाशिवाय दिलं गेलं. पुन्हापुन्हा दिल्यावर त्रास सातत्याने दिसला नाही, आणि जेवणाबरोबर दिल्यावर तर नाहीच. एका वाढणीत ते सहसा अर्ध्या ग्रॅमहून कमी असतं. पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट नैसर्गिकरीत्याच असतं. रिकाम्या पोटी भरपूर घेतल्यावर काहींना तासाभरात डोकं जड होणं किंवा चेहरा गरम होणं जाणवतं, ते आपोआप जातं. ज्यांना तसं होतं त्यांनी टाळावं. पण टाळताना ‘ग्लुटामेट घातलेलं नाही’ एवढं वाचून थांबू नये. यीस्टचा अर्क किंवा विघटित वनस्पती प्रथिन असलं, तर ग्लुटामेट त्यातून येतंच.

पोटाच्या तक्रारींसाठी बघायचे ते ‘बिनसाखरे’च्या पदार्थांतले गोड अल्कोहोल (नाव असं असलं तरी ही दारू नव्हे, साखरेऐवजी वापरायचे गोड पदार्थ): सॉर्बिटॉल ४२०, मॅनिटॉल ४२१, आयसोमाल्ट ९५३, माल्टिटॉल ९६५, झायलिटॉल ९६७. हे लहान आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत, मोठ्या आतड्यात पाणी ओढतात, आणि तिथले जिवाणू त्यांच्यापासून वायू करतात. सॉर्बिटॉल १० ग्रॅमच्या आसपास गेलं तरी कित्येकांचं पोट फुगतं, मुलांना त्याहून कमी पुरतं. दिवसभर च्युइंगम चघळणाऱ्या आणि आतड्याच्या आजारासाठी तपासण्या करून दमलेल्या माणसाला हा एक प्रश्न विचारला की कधीकधी सगळा उलगडा होतो. हा त्रास कुणालाही होतो. ही ॲलर्जी नव्हे.

ॲस्पार्टेम, ९५१, हे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड रसायन फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी पूर्ण टाळायचं असतं. तो इशारा लेबलवर असतो, आणि तो त्याच आजाराच्या लोकांसाठी आहे.

तुमच्या डोकेदुखीबद्दल. प्रक्रिया केलेल्या मांसातल्या नायट्राइटने (२४९, २५०) काहींचं डोकं दुखतं, हे १९७२ पासून माहीत आहे. पण तुम्ही लिहिलंय की डोकं दुखण्याआधी काहीतरी गोड किंवा खारट खावंसं वाटतं. अर्धशिशीचा झटका डोकं दुखायच्या कित्येक तास आधी मेंदूत सुरू झालेला असतो, आणि खाण्याची अनावर इच्छा हे त्याचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. म्हणजे पुडा खाल्ला म्हणून डोकं दुखलं असं नसून, झटका सुरू झाला होता म्हणून पुडा खावासा वाटला, असंही असेल. जेवण चुकणं, अपुरी झोप, पाळीचे दिवस, रोजची कॉफी न मिळणं यांची नोंद ठेवा. तेच कारण निघण्याची शक्यता जास्त आहे.

आता शोध कसा घ्यायचा. तीन आठवडे रोज चार गोष्टी लिहा: काय खाल्लं आणि किती, किती वाजता; त्रास किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ टिकला; त्या दिवशी ताप, सर्दी, पळापळ, ऊन, वेदनाशामक गोळी यांतलं काही होतं का; आणि पाकिटाच्या मागच्या घटकयादीचा फोटो. फोटो महत्त्वाचा, कारण तेच नाव, तेच वेष्टन असूनही आतले घटक बदललेले असतात. ज्या दिवशी त्रास झाला नाही, त्या दिवसाचीही तितकीच नीट नोंद हवी. रुग्ण फक्त वाईट दिवस लिहून आणतात, आणि मग त्या वहीतून काहीच ठरवता येत नाही. गांधींचाही फोटो काढा. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत त्या गेलेल्या असतात. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं स्वतःच गांधी उठवतात किंवा वाढवतात, त्यामुळे औषधाची नोंद चुकवू नका.

तीन आठवड्यांनी वही वाचताना योगायोग शोधायचा नाही, तर वारंवारता बघायची. एकच क्रमांक तीन वेगळ्या पदार्थांतून आला आणि तिन्ही वेळा साधारण तितक्याच वेळाने तसाच त्रास झाला, तर तो खरा संशयित. एकदाच झालं असेल तर फक्त खूण करून ठेवा.

मग एका वेळी एकच गट दोन ते चार आठवडे बंद. त्रास कमी झाला नाही, तर तो गट निर्दोष आहे आणि लगेच ताटात परत येतो. ही पायरी लोक विसरतात, आणि याद्या वाढत जातात. त्रास कमी झाला, तर तोच गट परत देऊन बघायचा: थोडं, मग दुसऱ्या दिवशी जास्त, मग नेहमीइतकं, आणि तीन दिवस दुसरं काही नवीन नाही. परत दिल्यावर त्रास परत आला, तरच सिद्ध झालं. शक्य असेल तर मुलाला नक्की काय दिलं ते कळू देऊ नका, आणि लक्षणं अशा माणसाने लिहावीत ज्यालाही ते माहीत नाही. भीतीनेही पोट दुखतं, खाज सुटते, छाती धडधडते. ती लक्षणं खरी असतात, पण त्यांचं कारण वेगळं असतं.

ज्याला कधीही धाप लागली, घसा सुजला किंवा चक्कर आली, त्याने हा परत देऊन बघण्याचा प्रयोग घरी करायचा नाही. सल्फाइटची चाचणी रुग्णालयातच, मात्रा हळूहळू वाढवत आणि प्रत्येक मात्रेनंतर फुप्फुसाची तपासणी करत घेतली जाते. कारमाइनसारख्या मोजक्या पदार्थांसाठी त्वचेवरची चाचणी उपयोगी पडते. बहुतेक ॲडिटिव्हसाठी रक्ताची किंवा त्वचेची खात्रीशीर चाचणी नाहीच. त्यामुळे केसांवरून, लाळेवरून किंवा एखाद्या यंत्राला हात लावून निदान सांगणाऱ्यांकडे जाऊ नका.

एखादा संशयित सिद्ध झाला की पुढचं आयुष्य बरंच सोपं होतं, कारण मग लेबलवर फक्त तो शोधायचा असतो. क्रमांकांची ठेवण लक्षात राहण्यासारखी आहे: १०० पासून रंग, २०० पासून संरक्षक, ३०० पासून मुख्यतः तेलकट वास रोखणारे, ४०० पासून घट्ट करणारे, ६०० पासून चव वाढवणारे, ९०० पासून गोडी आणणारे आणि काही वायू. क्रमांक असणं म्हणजे विष असणं नव्हे. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, १०० म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन, ९४८ म्हणजे ऑक्सिजन. मुलासमोर पाकीट वाचताना ‘बघ किती केमिकल’ असं म्हणू नका. ‘आपला २२३ आहे का बघ’ असं म्हणा. नऊ वर्षांचं मूल हे काम उत्साहाने आणि बिनचूक करतं.

लेबलला मर्यादाही आहेत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून रंग आणि संरक्षक शेवटी सापडतात. एखाद्या घटकाबरोबर आलेला आणि तयार पदार्थात काहीच काम न करणारा संरक्षक बऱ्याच देशांत लिहावा लागत नाही, पण सल्फाइटसारख्यांची नोंद ठरावीक प्रमाणाच्या वर सक्तीची असते. ‘नायट्राइट घातलेलं नाही’ असं लिहिलेल्या मांसात सेलरीची पावडर असू शकते. तिच्यातल्या नायट्रेटपासून नायट्राइटच तयार होतं. सुटं, वेष्टनाशिवाय विकलेलं खाणं असेल, तर विचारल्याशिवाय कळत नाही. आणि औषधांना विसरू नका. रंगीत गोळ्या, गोड सिरपं, डोळ्यांचे थेंब यांतही हेच रंग आणि संरक्षक असतात. सिद्ध झालेल्या पदार्थाचं नाव मुलाच्या आरोग्यनोंदीत लिहून ठेवा, आणि दर वर्षी एकदा डॉक्टरांशी बोलून परत पडताळा. न मानवणारी गोष्ट मूल मोठं झाल्यावर पुष्कळदा मानवू लागते.

तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात वजन-उंची आणि फुप्फुसाची तपासणी. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर दूध सुरू करा, चार दिवसांनी गहू, मग अंडं, मग टोमॅटो, प्रत्येक वेळी वही भरत. पाकिटबंद खाण्याला त्यानंतर हात घाला: आठवड्यातून दोन ठरलेले पदार्थ, घटकयादी लहान असलेले, दिवसा, घरी असताना. सुकवलेली फळं आणि आंबट पेयं मात्र फुप्फुसाचा अहवाल येईपर्यंत थांबवा. ॲलर्जीतज्ज्ञांकडे जाताना वही, पाकिटांचे आणि गांधींचे फोटो, आणि आतापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. त्वचेची चाचणी व्हायची असेल तर पित्ताची गोळी किती दिवस आधी थांबवायची, ते वेळ घेतानाच विचारून घ्या; ती चालू असेल तर चाचणी खोटी नकारार्थी येते आणि पुन्हा खेप पडते.